मारीची डुकरीण

चहा उकळेपर्यंत माझ्या बायकोचं, आमच्या मारीचं सांगतो. लग्नानंतर कोर्लईला आम्ही डुकरं पाळायचो. एका नाताळाला डुक्कर कापलं, तर कलेजीवर गाठीच गाठी. शेजारी ओरडले, "साथ हाय! गावातली सगळी डुकरं मारून पुरा!"

मारीनं एक डुकरीण बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. ती तिला घेऊन स्वयंपाकघरात शिरली आणि आतून कडी लावली.

अलिबागहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी गाठ चिरली. आत पू नव्हता, नुसतं घट्ट, पांढरं मांस होतं. फुप्फुसं, आतडीही त्यांनी नीट पाहिली. म्हणाले, "ही लागण नव्हे. ह्या एकाच जनावराच्या अंगात वाढलेली गाठ आहे. हे पुरा, बाकीची जगू द्या."

मी धावत दाराशी गेलो. "मारी, कडी काढ. तुझी वाचली गं!"

"डॉक्टरसायबांना बोलू दे," ती आतून म्हणाली. "मी रडू नये म्हणून तुम्ही कायपन सांगता."

डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुठे कडी निघाली.

तिचं बरोबरच होतं. मी सांगायचो कायपण. आता सांगायला घरात कुणी नाही.