जपानी कार्टूनचे उपकार

माझ्या थोरल्या बहिणीचं ऐका. बायको गेल्यापासून आमची मुलगी कोणाशी बोलत नव्हती. नुसती मोबाईलवर जपानी कार्टून बघायची. अक्का इंझोरीहून भेटायला आली ती तिच्याच शेजारी टेकली. पडद्यावर राजकुमार आणि जादूगारणीचं प्रेम.

“काहून वं, हा पोरगा तिले मागणी घालून नाही राह्यला?”

“मूळ पुस्तकात घालतो, आत्या! या कार्टूनवाल्यांनी तो भागच कापला!”

“कापला? मंग पुस्तकात काय झालं, सांग मले.”

मुलगी संध्याकाळपर्यंत सांगत राहिली. चिडून, हातवारे करत.

अक्का निघताना मी तिचे हात धरले.

“माह्ये आभार कायले? त्या कार्टूनवाल्याचे मान. त्यानं सारं बराबर दाखोलं असतं, तं पोरगी बोललीच नसती.”