अकरावा ठोकळा

बाई : ही दांडी, आणि हे तुम्हीच केलेले सुटे ठोकळे. दांडीला लावून बघा, मिस्त्री, आणि सांगा किती बसतात.

मिस्त्री : दहा. त्यात काय बघायचं? एका दांडीचे दहा ठोकळे करा, असं तुम्हीच सांगितलं होतंत.

बाई : लावून तर बघा.

मिस्त्री : तिकडे दाराला सरस लावून ठेवलाय, तो वाळला तर माझी पंचाईत. बरं, लावतो. आठ, नऊ, दहा. हं.

बाई : जागा उरली ना?

मिस्त्री : एकाची उरली.

बाई : अकरावा ठेवा.

मिस्त्री : बसला की. अगदी फिट्ट.

बाई : माझ्या पहिलीच्या वर्गातल्या एका मुलीलाही अकराच बसले. पुटपुटी म्हणतात तिला, तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून. वर्षभरात काल पहिल्यांदा आपणहून उठून माझ्यापाशी आली. म्हणाली, बाई, दांडीत अकरा बसतात.

मिस्त्री : मग तुम्ही काय म्हणालात?

बाई : परत मोज म्हटलं. तिनं मोजले, अकरा. म्हटलं, परत मोज. तीनदा मोजायला लावलं आणि दर वेळी मी फळ्यावरच्या दहाकडे बोट दाखवत होते. ठोकळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मिस्त्री : अरेरे.

बाई : शाळा सुटल्यावर स्वतः लावून पाहिले, तेव्हा डोळे उघडले. आज सकाळी तिला विचारलं, किती गं बसतात? तर म्हणते, बाई म्हणतील तेवढे.

मिस्त्री : हे वाईट झालं, बाई.

बाई : फार वाईट वाटलं मला. ठोकळे आणले ते पोरांनी माझ्या तोंडाकडे न बघता आपल्या हातांनी मोजावं म्हणून. आणि झालं भलतंच.

मिस्त्री : चूक माझी आहे. दांडीवर पेन्सिलीनं नऊ रेघा मारल्या आणि रेघेवरून करवत चालवली. करवतीचं पातं दर खेपेला थोडं लाकूड खातं. नऊ वेळा खाल्लं. एरवी मी ते हिशेबात धरूनच कापतो.

बाई : मग याच वेळी का नाही धरलंत?

मिस्त्री : म्हटलं, पोरांचं खेळणं. एवढंसं त्यांना काय कळतंय.

बाई : मलाही तसंच वाटलं होतं. फक्त मी बोलून दाखवलं नाही.

मिस्त्री : दुसरे करून देतो, नीट मोजून.

बाई : ते तर हवेतच. पण आधी उद्या वर्गात या आणि तिला हे सांगा. मी सांगितलं तर पुन्हा ‘बाई म्हणतील तेच’ होईल.

मिस्त्री : वर्गात, आणि मी? गणिताचा तास आला की मी शाळेमागच्या झाडावर असायचो. चाळीस पोरांसमोर बोबडी वळेल माझी.

बाई : बत्तीसच आहेत. येताना करवत आणा.

(दुसऱ्या दिवशी वर्गात. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर सारख्या लांबीच्या दोन दांड्या.)

मिस्त्री : आणि हा नववा काप. झाले दहा ठोकळे. ये गं बाळ, पुढे ये. या आख्ख्या दांडीला लाव बघू.

मुलगी : बाई, किती म्हणू?

बाई : मला नको विचारू. मी खिडकीबाहेर बघतेय.

मुलगी : दहा लावले. जागा उरली.

मिस्त्री : कापण्याआधी तर दोन्ही सारख्या होत्या. मग इथलं लाकूड गेलं कुठे?

मुलगी : तुम्ही खिशात घातलंत?

मिस्त्री : हे घे, बघ खिसे.

मुलगी : पेन्सिलच आहे.

मिस्त्री : मग शोध.

मुलगी : हा भुसा... हा मघाशी नव्हता. काका, अकरावा ठोकळा इथे सांडलाय.

मिस्त्री : शाबास. मला हे कळायला करवत घासण्यात दोन वर्षं गेली होती.

बाई : परवा तू अकरा म्हणालीस ते बरोबर होतं गं. तिन्ही वेळा. माझं चुकलं.

मुलगी : काकांचं पण चुकलं.

मिस्त्री : चुकलं. आता सगळे नवे करायचेत. आईला विचार, आणि शाळा सुटल्यावर बाईंबरोबर दुकानात ये. मी कापीन, तू मोजायचं. पण मोठ्यानं हं. करवतीपुढे पुटपुटलेलं ऐकू येत नाही.

मुलगी : मोजीन.

मिस्त्री : काय म्हणालीस?

मुलगी : मोजीन म्हटलं ना, काका.