तेरा वर, एक खाली

(रुग्णवाहिका केंद्राच्या तळघरातली सर्व्हरची खोली. दुपारचे तीन वाजत आलेत.)

बहीण : चहा ठेव बाजूला. चार वाजता चौकशी आहे माझी. कागदात काय लिहिलंय माहितीये? 'ऑपरेटरने पत्ता नोंदवण्यात दिरंगाई केली.' बारा वर्षं हेडफोन लावून कान सुजले माझे, आणि दिरंगाई म्हणे.

भाऊ : ताई, हळू बोल. बाहेर ऐकू जातं.

बहीण : या पंख्यांच्या घरघरीत? आणि गेलं तर जाऊ दे.

भाऊ : बस तरी.

बहीण : बसायला नाही आले. तो पत्ता मला अजून पाठ आहे. टाकीसमोरची पिवळी इमारत, तिसरा मजला, उजवीकडचं दार. त्या माणसानं सांगितला, मी टाइप केला आणि स्क्रीन जागच्या जागी अडकली. नऊ मिनिटं. त्याची बायको जमिनीवर पडलेली, तो सारखा विचारतोय, निघाली का हो गाडी? आणि मी म्हणतेय, निघतेय. शेवटी चिठ्ठीवर पत्ता लिहून जिन्यावरून पळत ड्रायव्हरकडे गेले. तोवर व्हायचं ते झालं.

भाऊ : माहितीये गं.

बहीण : स्क्रीन अडकली असं सांगितलं, तर साहेब म्हणतात, सर्व्हर तर चालू होता, मग फक्त तुमच्याच खोलीत कसं काय? तेच मी तुला विचारतेय.

भाऊ : सर्व्हर एकच आहे. त्याच्यावर नगरपालिकेच्या चौदा विभागांची चौदा मशीन चालतात. आभासी. ज्याला त्याला वाटतं आपला कॉम्प्युटर वेगळा, पण प्रोसेसर सगळ्यांत मिळून एकच. एरवी पुरतो. गर्दी झाली की आधी कोणाला द्यायचा, ते मी ठरवून ठेवलेलं असतं. उच्च, मध्यम, कमी.

बहीण : आणि त्या दिवशी गर्दी होती.

भाऊ : वार्षिक अहवाल निघत होता.

बहीण : दाखव ती यादी.

भाऊ : ताई...

बहीण : दाखव म्हणते ना. हं. हजेरी, उच्च. पार्किंगचे कॅमेरे, उच्च. अहवाल, उच्च. बागेचे फवारे? फवाऱ्यांनाही उच्च?

भाऊ : जो तो येऊन माझ्या डोक्यावर बसतो. जो ओरडेल त्याचं मी वर टाकतो.

बहीण : तेरा उच्च. मदतीचे फोन, कमी. साधं मध्यमसुद्धा नाही. हे काय आपोआप झालं?

भाऊ : नाही. आधी तुझंच एकटं वर होतं. मग जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी म्हणालं, बहिणीची खोली ना, मग काय विचारता. सगळे हसले. मी त्याच दुपारी खाली आणलं. म्हटलं, तू समजून घेशील.

बहीण : मी आहेच समजून घ्यायला. तुझी परीक्षा म्हणून आईच्या आजारपणात मी एकटी जागले, समजून घेतलं. त्या बाईनं काय समजून घ्यायचं होतं रे? ती तुझी कोण लागत होती?

भाऊ : मला झोप नाही लागत, ताई.

बहीण : झोपेचं मला सांगू नकोस. तुला कधीपासून माहितीये?

भाऊ : त्याच संध्याकाळपासून. कुठलं मशीन प्रोसेसरसाठी किती वेळ ताटकळलं, त्याची नोंद राहते.

बहीण : म्हणजे आठ दिवस. आठ दिवस मी खाली मान घालून येते-जाते आणि पुरावा तुझ्याकडे. परवा माझ्या घरी पोटभर जेवून गेलास. घास कसा उतरला तुझ्या घशाखाली?

भाऊ : ती नोंद दिली तर माझी नोकरी जाईल.

बहीण : नाही दिलीस तर माझी जाईल. आणि ही यादी? अजून तशीच का?

भाऊ : बदलली असती तर तेही नोंदवलं गेलं असतं. चूक माझी होती हे उघड झालं असतं.

बहीण : लाज वाटते मला तुझी. आत्ता वर माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसलीय, हेडफोन लावून. कोणाचा तरी बाप पडला असेल कुठेतरी, आणि ती म्हणत असेल, निघतेय.

भाऊ : थांब. करतो. हे बघ, मदतीचे फोन उच्च. बाकी तेराही कमी. आणि ही नोंद चौकशीच्या साहेबांना. खाली लिहिलंय, ही रचना मी केली, ऑपरेटरचा दोष नाही. वाचतेस एकदा?

बहीण : वाचायचं काय त्यात. पाठव.

भाऊ : पाठवली.

बहीण : फोन वाजतोय तुझा.

भाऊ : मोठे साहेब असतील. अहवाल अडकला असणार त्यांचा.

बहीण : मग उचल.

भाऊ : हॅलो. हो साहेब, आता सावकाशच चालेल. नाही, बिघाड नाही, मी केलंय. वरच्या खोलीसाठी, मदतीच्या फोनसाठी. हो साहेब. माझी बहीणच बसते तिथे.