भोंगा गप्प झाला तो रविवार

डोंगरावरच्या सोलोला गावाहून तळ्याकडे उतरणाऱ्या बसमध्ये एक बाई आणि एक म्हातारा, अशी दोघं माझ्या पुढच्या बाकावर होती. तिच्या मांडीवर म्हाताऱ्याचा बाप्तिस्म्याचा पांढरा झगा होता.

"कांदेलारियो काका, पाणी गार असेल. बुडवताना ओरडू नका हं."

"इतकी वर्षं तुमच्या प्रार्थनेवर ओरडलोच की!"

"तुम्ही कुठे, तुमचा भोंगा! आमचं गाणं सुरू झालं, की त्यावर तुमची मारिंबाची धून सुरू."

"मुद्दाम खिडकीत ठेवायचो, तोंड चर्चकडे करून. पण फिदेलिना, त्या रविवारी मी घरात एकटाच कोसळलो होतो, हाक मारायला आवाज फुटेना. तुम्हाला कळलं कसं?"

"भोंगा वाजला नाही ना."

"मग सुटलात की!"

"सुटलो कसले! तो बंद पडावा म्हणून आम्ही दर रविवारी देवाला साकडं घालायचो. त्या दिवशी खरंच गप्प झाला, तर एकाचंही गाण्यात लक्ष लागेना. पास्टर म्हणाले, आधी काकांकडे जाऊ."

"आणि शुद्धीवर येताच मी काय म्हणालो?"

"'चालते व्हा माझ्या घरातून.'"

"तरी तू मक्याची पेज भरवलीस."

"रडताय काका?"

"छे."

"रडा खुशाल. तळ्यात उतरल्यावर कोण ओळखणार आहे?"