कानात सांगितलेलं

डॉक्टर : पुन्हा म्हणा.

सिस्टर : बाळाचा श्वास ऐकत होते.

डॉक्टर : पुटपुटू नका. वर मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत चौकशीला तिघं बसलेत. असं तोंडातल्या तोंडात बोललात तर त्यांना वाटेल, काहीतरी लपवताय.

सिस्टर : लपवतेच आहे ना, मॅडम?

डॉक्टर : काही लपवत नाही आहात. बाळ जन्मलं, रडलं नाही, तुम्ही त्याची पाठ चोळली, तोंडातलं पाणी काढलं, मग वाकून श्वास ऐकला. यात खोटं काय आहे?

सिस्टर : शेवटचं. श्वास त्याआधीच लागला होता. बारीक कण्हत होता पोरगा. मी त्याला गुंडाळलं, वाकले आणि बोलले. पंचवीस वर्षांची सवय. या हातांवर आलेल्या एकाही बाळाला मी कानात न बोलता सोडलेलं नाही. कुणाचं आहे, काय जातकुळी, कधी बघितलं नाही.

डॉक्टर : पण हे बाळ आरोग्य खात्यातल्या साहेबांचं होतं.

सिस्टर : जन्मताना ते साहेबांचं दिसत नव्हतं हो. निळं पडलं होतं.

डॉक्टर : विनोद नको, सिस्टर.

सिस्टर : बोलत राहिले की जरा बरं वाटतं, म्हणून बोलते. आमच्या यांनी आज दुकानच उघडलं नाही. आतल्या खोलीत बसलेत. कपडे शिवायचे पडलेत, पण मशीन चालवत नाहीत. म्हणाले, आवाज रस्त्यावर जाईल. मुलीला तिच्या आत्याकडे पाठवलं.

डॉक्टर : बरं केलंत.

सिस्टर : तुम्ही ‘बरं केलंत’ म्हणालात की जास्त भीती वाटते. तुम्ही म्हणायला हवं होतं, एवढं कशाला करायचं?

डॉक्टर : त्या एक्स-रेवाल्याचं काय झालं, विसरलात का?

सिस्टर : आमच्यातलाच तो, कशी विसरेन? सकाळच्या प्रार्थनेला उभा राहिला नाही एवढंच त्याचं चुकलं. गेटपर्यंत नेला त्याला. पुढचं कुणी सांगत नाही. त्याची बायको आमच्या गल्लीत राहते. तिच्या दारावरून जाताना आम्ही मान खाली घालतो. आमचीच बाई, आणि आम्हीच.

डॉक्टर : म्हणून सांगते, श्वास ऐकत होते, यापलीकडे एक अक्षर बोलू नका. मी तिथेच होते. विचारलं तर मी हो म्हणेन.

सिस्टर : आणि त्यांनी विचारलं, श्वास ऐकायला स्टेथोस्कोप असतो, तुम्ही कान का लावला, तर?

डॉक्टर : दुसऱ्या टेबलावर राहिला होता. मीच उचलून नेला होता, असं सांगेन.

सिस्टर : तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलणार?

डॉक्टर : तुमच्या एकटीसाठी नाही. त्या लेबर रूममध्ये मीही उभी होते. भिंतीवर सरकारी प्रार्थनेचा तो स्पीकर लावला त्या दिवशी मी सही केली, गप्प बसले. प्रार्थना माझीच आहे, लहानपणापासून म्हणते. पण घरी म्हणते. बाळाच्या कानावर पहिलं काय पडावं, हे सरकारनं का ठरवायचं? सरकारनं सुया द्याव्यात, सलाइन द्यावं, वीज द्यावी. बाळाच्या कानात शिरायचं त्याला कारणच काय?

सिस्टर : हळू, मॅडम. दार नीट लागत नाही या खोलीचं.

डॉक्टर : बघा. माझीही ही गत. माझ्याच धर्माबद्दल माझ्याच ड्युटीरूममध्ये कुजबुजत बोलायचं.

सिस्टर : पूर्वी लेबर रूमच्या त्या भिंतीवर नुसतं घड्याळ होतं. कोण किती वाजता आलं, एवढंच दवाखान्याला ठाऊक. कुणीतरी आहे दाराशी.

(दार ढकलून एक म्हातारी बाई आत येते आणि पाठीमागे दार पुन्हा लोटून घेते.)

आजी : इथेच आहेस ना गं तू? माझा नातू काढलास ती?

डॉक्टर : आजी, तुम्ही इथे येऊ नका. चौकशी चालू आहे. तुमच्या जावयांना कळलं तर?

आजी : जावई वर बसलेत. मी बाथरूमला जाते म्हणून आले. पोरी, माझ्यामुळे झालं गं हे सगळं.

सिस्टर : तुमच्यामुळे कसं?

आजी : मी कौतुक केलं तुझं. घरी गेल्या गेल्या सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, बाळ हूं की चूं करत नव्हतं, माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि त्या बाईनं भिंतीवरचा तो डबा बंद केला, वाकली, कानात दोन शब्द बोलली आणि माझ्या राजानं असा टाहो फोडला म्हणून सांगू! विहीणबाई हसल्या. जावई हसले नाहीत. त्यांनी ताट सरकवलं.

डॉक्टर : एक मिनिट. डबा बंद केला? कुठला डबा? सिस्टर?

सिस्टर : स्पीकर.

डॉक्टर : तुम्ही स्पीकर बंद केलात? प्रार्थना चालू असताना? मी आईला टाके घालत होते, मला वाटलं, प्रार्थना संपली.

सिस्टर : बाळाचा आवाज येत नव्हता, मॅडम. कण्हतंय की नाही, कळत नव्हतं. भिंतीवर तो मोठ्यानं चालू होता. हात आपोआप बटणावर गेला. कुणाचीही प्रार्थना असती तरी गेला असता. आमची असती तरी.

डॉक्टर : हे मला का नाही सांगितलंत?

सिस्टर : भीतीनं. तुम्ही मदत करणार होतात. हे सांगितलं तर करणार नाही, असं वाटलं.

डॉक्टर : अरे देवा.

आजी : मी आत्ता वर जाते आणि सांगते, मला वय झाल्यामुळे ऐकू येत नाही, दिसत नाही, मी काहीबाही बरळले.

डॉक्टर : तुम्ही सांगितलंय ते साहेबांनी आधीच वर सांगितलं असेल. तुम्ही आता फिरलात तर ते म्हणतील, सिस्टरनं तुम्हाला फितवलं. बसा तुम्ही. आधी बसा.

आजी : बसते. पण मला एक सांग, पोरी. खरं सांग. तू काय बोललीस त्याच्या कानात? जावई म्हणतात, तो तुमचा मंत्र होता. म्हणतात, पोर आता आपलं राहिलं नाही, त्याला शुद्ध करून घ्यावं लागेल. आईचं दूध थांबवा म्हणत होते सकाळी. माझी लेक रडून रडून अर्धी झालीय.

सिस्टर : दूध थांबवलं? दोन दिवसांच्या पोराचं? मॅडम, ऐकलंत का?

डॉक्टर : ऐकलं. ते मी बघते. त्या बाळाचं दूध कुणी थांबवणार नाही, मी आत्ताच वॉर्डात सांगते. आजी, दूध पाजायला सांगा. माझं नाव सांगा.

आजी : पण मंत्र?

सिस्टर : मंत्र नव्हता, आजी. आमच्यात बाळ झालं की जी बाई त्याला आधी उचलते, तिनं ते सांगायचं असतं. माझ्या आजीनं माझ्या आईला सांगितलं, मी माझ्या मुलीला. आमच्या भाषेत आहे म्हणून तुम्हाला कळलं नाही. ‘भिऊ नकोस. आलास त्या घरात तुला जागा आहे.’

आजी : आणि पुढे?

सिस्टर : पुढे काही नाही.

आजी : देवाचं नाव?

सिस्टर : नाही.

आजी : एवढंच? अगं, एवढ्यासाठी?

डॉक्टर : एवढ्यासाठीच, आजी. वर जाऊन हेच सांगितलं तरी ते म्हणतील, नियमानं आधी सरकारी प्रार्थना हवी होती. मग कानात काय सांगितलं ते महत्त्वाचं नाही. कुणी सांगितलं, ते महत्त्वाचं. थांबा, फोन. हॅलो. हो सर. हो, इथेच आहेत. पाठवते.

सिस्टर : बोलावलं?

डॉक्टर : बोलावलं. सिस्टर, स्पीकरचं विचारलं तर म्हणा, वायर सैल आहे, चार दिवसांपासून मध्येच बंद पडतो. मी आत्ता जाऊन ती सैल करते.

सिस्टर : मॅडम!

डॉक्टर : माझ्याकडे असं बघू नका, नाहीतर माझा धीर सुटेल. आणि श्वास ऐकत होते. म्हणा.

सिस्टर : श्वास ऐकत होते.

डॉक्टर : असंच. असंच मोठ्यानं. मी पुढे होते, वायरचं उरकते आणि मागोमाग येते.

आजी : गेली बिचारी धावत. पोरी, एक विचारू? माझ्या सुनेलाही दिवस गेलेत. तिच्या वेळी तू असशील ना इथे? त्या बाळालाही सांगशील? मी दाराशी उभी राहीन, कुणाला आत येऊ देणार नाही.

सिस्टर : असले तरी आता नाही सांगणार, आजी.

आजी : का गं? रागावलीस?

सिस्टर : राग नाही. रात्री एक बाळ झालं. त्याला उचललं, गुंडाळलं आणि आईजवळ दिलं. काही बोललेच नाही. मीच अशी भेदरलेली असताना त्याला काय सांगू, भिऊ नकोस म्हणून? आणि जागा आहे म्हणून?

आजी : मग या पोरांना सांगायचं कुणी?

सिस्टर : तुम्ही सांगा. तुमचा नातू, तुमची भाषा. तुम्हाला कोण काय म्हणणार आहे?

आजी : मी?

सिस्टर : हो. आज वॉर्डात गेलात की मांडीवर घ्या आणि सांगा. मला जायला हवं, आजी. वर वाट बघतायत.

आजी : सांगेन. जावई बाहेर गेले, की सांगेन.