आमच्या घरचा तापट कॉम्प्युटर

कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो म्हणून लई मिरवू नका बे. आधी सिरसाळ्याला येऊन आमच्या घरातला जुना खटारा बघा. चालू केला की पंखा असा घरघरायचा, शेजारी विचारायचे, "पिठाची गिरणी टाकली का काय?"

बघावं तर प्रोसेसर कायम शंभर टक्क्यांवर. मी धूळ झाडली, व्हायरस शोधला, नको ते सगळं काढून टाकलं. मशीन गार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शंभर टक्के! स्क्रीनवर कीर्तनाचे डझनभर व्हिडिओ एकदम चालू, अन् आवाज बंद.

मी मायला विचारलं, "आवाज बंद करून कीर्तन कावून लावतीस?"

"ऐकायला कोण लावलंय?"

"मग?"

तिनं कॅबिनेटच्या मागून, जिथं गरम वारा येतो तिथून, एक डबा काढला अन् उघडून दाखवला. आत मटकीला बोट बोट मोड आलते.

"थंडीत मोडच येईनात. तूच म्हणलतास ना, एकदम लई व्हिडिओ लावू नको, मशीन तापतं. मग लावले."

मी डोक्याला हात लावला. "अगं माय, जळून जाईल ना ते! त्यापेक्षा उद्याच भंगारात घालतो."

माय डबा घेऊन चुलीकडं निघाली. जाता जाता म्हणली, "घाल की. पण थंडी सरल्यावर."