ओव्हनचे लॉक उघडताना

मी, उर्वशी प्रविण बिसने, वय ३४ वर्षे, धंदा घरगुती केक बनविणे, राहणार तुमसर, जि. भंडारा, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

मी पती प्रविण, वय ३९ वर्षे, व मुलगी डिंपल, वय ९ वर्षे, यांच्यासह राहते. माझे पती राईस मिलमध्ये धानाच्या वजनकाट्यावर नोकरीस होते. मी घरून ऑर्डरचे केक बनवून देते. त्यासाठी मागील वर्षी आम्ही बदलीवर जाणाऱ्या एका साहेबांच्या घरचा मोठा इलेक्ट्रिक ओव्हन घेतला. त्यात आतून आपोआप साफ होण्याची सोय आहे. ते बटण दाबले की दार लॉक होते, ओव्हन खूप तापतो, आतली चिकट घाण जळून राख होते आणि ओव्हन थंड झाला की लॉक उघडते. आम्ही ते बटण कधी वापरले नव्हते. मी सोडा लावून हाताने घासत असे.

काल संध्याकाळी डिंपलची वेणी घालत असताना पतींनी माझे हात पाहिले. सोड्याने बोटांना चिरा पडल्या होत्या. ते म्हणाले, "बटण देल्लं आहे तं घासत कायले बसतेस?" आणि त्यांनीच ते बटण दाबले.

आज सकाळी ओव्हन पूर्ण थंड झालेला होता, पण दार उघडले नाही. समोरच्या काचेवर कुलुपाची खूण लुकलुकत होती. पतींनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून ओव्हनचे भिंतीवरचे बटण बंद केले, थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू केले. लॉकची मोटर घुरघुरली. त्यांनी तळहाताने दार आत दाबून धरले, तरी दार अडकवणारा आतला आकडा सुटला नाही. कंपनीच्या नंबरवर फोन केला. नागपूरहून माणूस पुढच्या आठवड्यात येईल, असे तिकडून सांगण्यात आले.

आज संध्याकाळी सिहोऱ्याला एका बारशाचा केक द्यायचा होता. मी म्हटले, त्यांना फोन करून नाही सांगते. पती म्हणाले, "नाही कायले सांगतेस? सुट्टीच आहे मले आज. खोलून पाहतो."

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी ओव्हन ओट्यावर पुढे ओढला आणि स्क्रू काढू लागले. तेवढ्यात वीज गेली. मी म्हटले, "राहू द्या ना, वायरमन चंद्रकुमारभाऊले बोलवा. नाही तं मेन तरी पाडून घ्या." ते म्हणाले, "लाईनच नाही तं करंट कुठून येईल? तू टॉर्च धर फक्त."

ओव्हनचे भिंतीवरचे बटण सकाळपासून सुरूच होते. मेन स्विचचे बोर्ड पुढच्या खोलीत आहे. मी टॉर्च धरून उभी होते, म्हणून मी गेले नाही.

त्यांनी वरचा पत्रा काढला. लॉकची मोटर व तिला जोडलेला दांडा मला दाखविला. दांडा वाकला होता. "एवढंसं तं आहे," असे म्हणून त्यांनी आत हात घातला. ते हसत होते.

वीज आली. पंखा फिरू लागला, फ्रिज सुरू झाला. मी म्हटले, "आली लाईन." त्याच वेळी खट आवाज झाला आणि ओव्हनचे दार थोडे पुढे आले. मी म्हटले, "अहो, उघडलं." ते वाकून आत पाहत आहेत, असे मला वाटले. किती वेळ तसे वाटले, ते सांगता येत नाही.

नंतर मला त्यांचा हात आतल्या तारेला चिकटलेला दिसला. मी लाकडी पाटाने त्यांना ढकलले. ते खाली पडले. मी धावत जाऊन मेन पाडले. माझी ओरड ऐकून शेजारच्या रत्नाबाई व त्यांचा मुलगा आले. त्यांच्या गाडीतून पतींना सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केले.

दार उघडल्याचा आवाज त्यांनी ऐकला किंवा कसे, हे मला माहीत नाही.

आमच्यात भांडण नव्हते. ते नशा करीत नव्हते. माझा कोणावर संशय नाही व कोणाविरुद्ध तक्रार नाही. ओव्हन तपासासाठी नेण्यास माझी हरकत नाही. तो मला परत नको.

सिहोऱ्याच्या लोकांचा फोन आला होता. मी त्यांना केक होणार नाही एवढेच सांगितले. बारशाच्या दिवशी दुसरे काय सांगणार?

मुलगी डिंपल शाळेतून रत्नाबाईंच्या घरी आली आहे. बाबा दवाखान्यात आहेत, एवढेच तिला माहीत आहे. येथून गेल्यावर मी तिला सांगणार आहे. तोपर्यंत पंचनाम्यासाठी येणाऱ्यांनी तिच्यासमोर काही बोलू नये, अशी माझी विनंती आहे.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहून मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे. खालील सही माझ्या नेहमीच्या सहीसारखी आलेली नाही, परंतु ती माझीच आहे.

सही,
उर्वशी प्रविण बिसने